पोस्टरच्या आधीची गोष्ट: कंपन्यांमधे सायबर शिस्त आली कुठून

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक भागात, आता बऱ्याच ऑफिसांत "ओटीपी सांगू नका" असं पोस्टर दिसतं, वर्षातून एकदा ट्रेनिंग होतं, चहा-समोसा होतो अन सगळे आपापल्या टेबलावर. म्हणजे नियम आहे पण सवय नाही. हा फरक काय असतो ते कॉम्प्युटरवाल्यांच्या आधी कारखानेवाल्यांना कळलं होतं.

एप्रिल १९८६ मधे चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञांनी 'सेफ्टी कल्चर' ही कल्पना मांडली, की नुसती मशीन अन नियम बघून भागत नाही, तिथली माणसं रोज कसं काम करतात, चुकलं तर सांगतात का लपवतात, हेही बघावं लागतं. पुढं ते सगळ्या कारखान्यांत पसरलं. आपल्याकडं शॉप फ्लोअरवरच्या माणसाला निअर मिस म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, अपघात होता होता वाचला तरी रिपोर्ट करायचा. ऑफिसातल्या कॉम्प्युटरला मात्र हे कोणी लावलंच नाही.

कॉम्प्युटरवाल्यांकडं उलटंच चाललं होतं. मे २००० मधे 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस ईमेलमधून आला, लोकांनी प्रेमपत्र समजून फाइल उघडली अन काही तासांत जगभरातली ऑफिसं ठप्प. मग सगळा दोष युजरवर, माणूसच सगळ्यात कच्चा दुवा. खरं तर त्याच्या आदल्याच वर्षी लंडनच्या दोन संशोधकांनी, ॲन ॲडम्स अन अँजेला सॅसी यांनी, लिहून ठेवलं होतं की युजर शत्रू नाही, नियमच असे करून ठेवलेत की काम करायचं तर ते मोडावेच लागतात. ऐकलं कोणी? २००३ च्या सुमारास निस्ट या अमेरिकेतल्या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेत बिल बर यांनी पासवर्डची गाइडलाइन लिहिली, कॅपिटल अक्षर टाका, आकडा टाका, @ # सारखी खूण टाका, ठराविक दिवसांनी बदला, अन अख्ख्या जगानं ती उचलली, लोक पासवर्ड मॉनिटरला चिकटवायला लागले. २०१७ मधे निस्टनं स्वतःच ते मागं घेतलं, बर यांनीही त्याबद्दल खंत बोलून दाखवली, तरी आपल्याकडं काही कंपन्या अजून तेच करायलेत.

भारतात आयटी कायदा १७ ऑक्टोबर २००० ला लागू झाला, सर्ट-इन, म्हणजे सायबर हल्ल्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, २००४ मधे सुरू झाली. कागद तयार होते, माणसं नव्हती.

आता आपल्याकडचं बघा. मोंढ्यातल्या आडतीवर किंवा जालन्याच्या स्टीलवाल्यांकडं कॉम्प्युटर यायच्या आधी शिस्त नव्हती असं कोण म्हणेल? रोकड जुळल्याशिवाय मुनीम घरी जात नव्हता, मोठ्या चेकवर दोन सह्या, तिजोरीची चावी मालकाकडंच. मग टॅली आलं, नेट बँकिंग आलं, २०१७ मधे जीएसटी आला, अन हीच शिस्त तिकडं न्यायची राहूनच गेली. पासवर्ड एकच, तो मालकाला, अकाउंटंटला, सीएच्या ऑफिसातल्या पोराला, सगळ्यांना माहीत, अन ओटीपी मालकाच्या मोबाइलवर आला की "शेठ, नंबर सांगा" म्हणून फोन. माझ्या मते आपल्या भागातल्या छोट्या धंद्यांचं खरं दुखणं अडाणीपणा नाही, हे आहे. म्हणूनच "आमचं बँक खातं बदललंय, पेमेंट नव्या खात्यात टाका" असा सप्लायरच्या नावानं मेल आला की फसतं, जुना मुनीम असता तर आधी फोन लावला असता.

सहकारी बँकांना मात्र जोराचा झटका बसला. ऑगस्ट २०१८ मधे पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात ९४ कोटींच्या वर गेले, त्यातले बरेचसे २८ देशांतल्या एटीएममधून काढले. दोनच महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ ला, आरबीआयनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट काढली अन त्यात कर्मचारी, मॅनेजमेंट, संचालक सगळ्यांना जागरूक करायचं आलं. संचालक पण बरं का, नाहीतर आधी हा विषय आला की "ते कॉम्प्युटरवाल्या पोराला विचारा".

मग एप्रिल २०२२ मधे सर्ट-इननं सांगितलं की हल्ला लक्षात आला की ६ तासांत कळवायचं. आता लक्षात कोणाच्या येणार? चुकून लिंक दाबलेल्या क्लार्कच्याच. अन त्याला माहितीय की साहेबांना सांगितलं तर बोलणी खावी लागणार, पगार कापला जाणार, मग तो गुपचूप मशीन रीस्टार्ट करून बसतो. निअर मिसचं रजिस्टर इथं पाहिजे होतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं तर २५० कोटींपर्यंत दंड ठेवलाय, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मधे आले, त्यामुळं मोठ्या कंपन्या आता आपल्या व्हेंडरांनाही ट्रेनिंगचं विचारणारच.

राहिल्या पतसंस्था. लातूर, बीड, नांदेडकडं गावोगावी आहेत, लोकांच्या ठेवी आहेत, पण त्या आरबीआयच्या हाताखाली येत नाहीत, त्यामुळं २०१८ ची ती चौकट त्यांना लागू नाही, अन काउंटरवरच्या पोराला काय शिकवायचं ते अजून संचालक मंडळाच्या मर्जीवर चाललंय.