पाच आवाजांचा वाद्यवृंद

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून, ‘कॅसेट’ खोचून सुट्टीभर जो व्हिडिओ गेम आपण खेळलो, तो बहुतेकदा जपानी फॅमिकॉमची नक्कल असे. निन्टेंडोचं मूळ यंत्र १९८३ सालचं. मारिओची धून आपल्या कानांत बसली ती अशी. ती कशातून उभी केली होती हे कळल्यापासून मला तिचं जास्तच अप्रूप वाटतं.

फॅमिकॉमच्या चिपमध्ये आवाज मोजून पाच. दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक निव्वळ खरखरीचा आणि पाचवा ध्वनिमुद्रणाचे बारीक तुकडे वाजवणारा. चौकोनी लहर म्हणजे सिग्नल चालू-बंद, चालू-बंद. दर फेरीत चालू राहण्याचा वेळ एक अष्टमांश ठेवला की आवाज पातळ, नाकातला येतो. निम्मा ठेवला की भरीव. त्रिकोणी लहरीचा आवाज लहान-मोठा करायची सोयच नव्हती, वाजायचं किंवा गप्प राहायचं. म्हणून तिच्याकडे बहुधा खर्ज सोपवत. खरखर झटकन तोडली की झांज, जरा लांबवली की ड्रम!

पण तीन सूर एकत्र हवेत आणि मोकळा आवाज एकच असेल तर? मग सा, ग, प एकामागून एक फिरवायचे, दर सूर सेकंदाचा साठावा भाग. एवढ्या वेगात कान ते सुटे धरत नाही; त्याला थरथरता स्वरमेळ ऐकू येतो. गुहेतला घुमारा हवा असेल तर तीच धून दुसऱ्या आवाजात किंचित उशिरा, हळू वाजवायची.

१९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटचा. चित्रं, नियम, कोजी कोंडो यांचं संगीत, सगळं त्यातच. खेळाच्या घड्याळात उरलेला वेळ शंभराच्या खाली आला की तीच धून धावू लागते आणि आपली बोटंही. उडीच्या आवाजासाठी मात्र वेगळी जागा उरली नव्हती. मारिओ उडाला की एक चौकोनी आवाज उडीकडे जाई आणि सुरावटीचा तेवढा धागा तुटे. खालचा खर्ज आणि ताल चालूच असल्यामुळे गाळलेली जागा कान स्वतः भरून काढी. आता पुन्हा खेळाल तेव्हा भराभर उड्या मारत ऐका: दर उडीला एक सूर नाहीसा होतो, आणि पाय जमिनीला लागेपर्यंत परत येतो.