सेटिंग बदलून टॉवरकडून जास्त नेट ओढता येतं का?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज: "ही सेटिंग करा, तुमचा फोन टॉवरकडून दुप्पट स्पीड ओढून घेईल."

तसं होत नाही. 4जी असो वा 5जी, कुणाची पाळी कधी हे टॉवरकडची यंत्रणा ठरवते. फोनला काही पाठवायचं असलं की तो आधी परवानगी मागतो. किती डेटा साठलाय, सिग्नल कसा येतोय, हेही कळवतो. 4जीमध्ये पाळ्यांचा हा निवाडा दर 1 मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदात 1000 वेळा होऊ शकतो. फोन मागू शकतो, हिसकावू शकत नाही. म्हणूनच गणपतीत खडेबाजारात रेंज फुल्ल असूनही व्हिडिओ अडकतो. दांड्या सिग्नलचा जोर दाखवतात, पुढची रांग नाही.

घरच्या वाय-फायवर मात्र फोनला जास्त मोकळीक असते. हवा शांत आहे का, म्हणजे त्या क्षणी दुसरं कुणी पाठवत नाही ना, ते ऐकून तो स्वतःच पाठवतो. (वाय-फाय 6 पासून तिथेही राउटर पाळ्या लावू शकतो.)

विमान मोड चालू-बंद केल्यावर नेट सुधारतं, हा अनेकांचा अनुभव खराच आहे. फोन नव्याने जोडला जातो, कधी कमी गर्दीचा टॉवर मिळतो. असा अनुभव आल्यावर मेसेज पटणं स्वाभाविक आहे.

पडताळायचं असेल तर एकाच जागी, एकाच फोनवर रात्री 9 ला आणि पहाटे 5 ला स्पीड मोजा. तीन-चार दिवस जुन्या सेटिंगवर, मग तितकेच दिवस नव्या. आकडे कागदावर लिहून ठेवा, लक्षात राहत नाहीत.