‘सरांनी सांगितलं म्हणून’

शालेय कबड्डीचा सामना. चढाईपटूचं बोट कोपरारक्षकाच्या मनगटाला ओझरतं लागतं, तो मध्यरेषेवर परततो आणि गुण मागतो. पंचांना स्पर्श दिसलेला नाही. चौदा वर्षांच्या त्या कोपरारक्षकाला मात्र तो नक्की कळलाय. तेवढ्यात बाहेरून प्रशिक्षकांचा आवाज येतो, ‘गप उभा राहा!’ पोरगा गप उभा राहतो.

सर कडक असले की पोरं सरळ वागतात, असं आपण धरून चालतो. क्रीडा मानसशास्त्रातला पुरावा नेमका उलट दिशेला बोट दाखवतो. केन हॉज आणि ख्रिस लॉन्सडेल या संशोधकांनी 2011 साली 292 स्पर्धात्मक खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. निर्णयामागचं कारण समजावणारे, खेळाडूचं मत विचारणारे प्रशिक्षक लाभलेल्या खेळाडूंना खेळाची ओढ आतून होती आणि ते सहकाऱ्यांशी अधिक चांगले वागत. बाहेरच्या दडपणाखाली खेळणारे मात्र सहकारी आणि प्रतिस्पर्धी दोघांशीही वाईट वागण्याकडे झुकत.

दडपण आणि वाईट वागणं यांना जोडणारा दुवा मला विलक्षण वाटतो. अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की चुकीचं वागणाऱ्याला बरं-वाईट कळत नसतं, असं नाही. त्याच्या मनाला टोचणी लागतेच, फक्त ती बंद पाडायला त्याच्याकडे सबबी तयार असतात. बँड्युराने त्यांचे आठ प्रकार सांगितले. ‘सगळेच करतात’ हा एक. ‘त्याला कुठे फारसं लागलं?’ हा दुसरा. ‘संघासाठी केलं’ हा तिसरा. आणि ‘सरांनी सांगितलं’ हा या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा. शिवी खाऊ, पुढच्या सामन्यात बाहेर बसू, या धाकाने खेळणाऱ्या मुलाला स्वतःची कृती स्वतःची वाटतच नाही. कृती सरांची, मग जबाबदारीही सरांची. टोचणी लागणार कुणाला? हॉज-लॉन्सडेल यांच्या आकडेवारीत दडपणापासून वाईट वागण्यापर्यंतची वाट या सबबींमधूनच गेलेली दिसते.

म्हणून ‘मैदानावर चारित्र्य आपोआप घडतं’ ही घोषणा मला पटत नाही, आणि एका दुपारच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरावर पैसे घालवणं तर मुळीच नाही. मुलं सरांसोबत रोज संध्याकाळी असतात, परिणाम तिथे होतो.

यात ढिलाई अभिप्रेत नाही. सराव तितकाच कठीण असू शकतो, नियमही तितकेच पक्के. फरक इतकाच की नियमासोबत कारण येतं आणि चुकलेल्या मुलाला ओरडा बसण्याआधी ‘तुला काय दिसलं?’ असं विचारलं जातं.

अर्थात, हा अभ्यास खेळाडूंनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवर उभा आहे. तो संबंध दाखवतो, कार्यकारणभाव सिद्ध करत नाही. त्यासाठी प्रशिक्षकांची पद्धत मुद्दाम बदलून, त्याच मुलांचं वागणं हंगामभर मैदानावर नोंदवावं लागेल. आपल्या तालुका पातळीवरच्या स्पर्धांमध्ये हे करता येण्यासारखं आहे.