भुंगा उडतो तो भौतिकशास्त्राच्या नियमानेच

‘भुंग्याचं शरीर जड, पंख इवलेसे. भौतिकशास्त्रानुसार तो उडूच शकत नाही. पण हे त्याला माहीत नाही, म्हणून तो उडतो.’ हा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातली उमेद खरी आहे, त्यामुळे तो पटकन पटतो. विज्ञान मात्र चुकलंय.

गेल्या शतकाच्या पूर्वार्धात कुणीतरी भुंग्याला विमानाचं गणित लावलं. विमानाचे पंख स्थिर असतात. तसे स्थिर पंख भुंग्याला दिले तर तो पडणारच! पण त्याचे पंख पुढे-मागे झपाझप फिरतात आणि प्रत्येक फेरीत तिरके वळतात. त्यामुळे पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा छोटा भोवरा तयार होतो, वर दाब कमी होतो आणि पंख उचलला जातो. १९९६ मध्ये पतंग या कीटकाच्या यांत्रिक प्रतिकृतीभोवती धूर सोडून संशोधकांनी हा भोवरा दाखवला.

घरी पाहायचंय? बादलीभर पाण्यात उलथणं तिरकं धरून झटक्यात सरकवा. कडेपाशी भोवरा दिसेल, मनगटाला जोर जाणवेल. पंखांचा वेग तर कानांनीच मोजता येतो. मधमाशी सेकंदाला सुमारे २३० वेळा पंख हलवते, तोच तिचा गुणगुणाट. मोबाइलवरचं सूर मोजणारं ॲप फुलाजवळ (जरा लांबूनच) धरलं की आकडा दिसतो. जीवशास्त्राच्या तासाला हा प्रयोग जरूर करावा. भुंगा तिथे जितका शिकवतो, तितकाच भौतिकशास्त्राच्या तासालाही शिकवेल.