बंदुकीवरची खाचांची पट्टी आणि तिच्यावर चढत गेलेलं सामान

इथं टेक्सासमध्ये शनिवारी रेंजवर गेलं की शेजारच्या लेनमध्ये अशी एक तरी एआर-१५ रायफल असतेच, वर रेड डॉट म्हणजे नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच, त्याच्या मागं लांबचं मोठं दाखवणारा मॅग्निफायर, एका बाजूला टॉर्च, दुसऱ्या बाजूला लेझर, खाली उभी ग्रिप, आणि २५ यार्डांवरच्या कागदावर नेम धरता धरता दहा मिनिटांत माणसाचा डावा हात भरून येतो. मला ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण यातली बहुतेक वस्तू कुणाच्या तरी जिवावरच्या अडचणीतून आलीय. अडचण मागं राहिली, वस्तू तेवढी घरोघरी पोचली.

मूळ रायफल बघा ना. यूजीन स्टोनरनी १९५० च्या दशकाच्या शेवटी आर्मालाइट कंपनीसाठी ती बनवली तेव्हा सगळा भर हलकेपणावर होता, ॲल्युमिनियमची बॉडी, प्लॅस्टिकचा दस्ता, रिकामी बंदूक जेमतेम ३ किलो. वर उचलायचं हँडल आणि साइट, म्हणजे नेम धरायची खूण, त्याच्यातच, म्हणजे बाहेरचं काही जोडायला धड जागाच नव्हती.

मग गरजा आल्या. नोव्हेंबर १९७० मध्ये उत्तर व्हिएतनाममधल्या सोन तेच्या छावणीतून कैदी सोडवायला अमेरिकन तुकडी गेली, तिच्या सरावात रात्रीचा नेम लागेना म्हणून बाजारात मिळणाऱ्या सिंगलपॉइंट नावाच्या साइट्स विकत आणून बंदुकांवर बसवल्या. १९८० मध्ये लंडनच्या इराणी वकिलातीत ओलीस सोडवायला ब्रिटिश एसएएस या कमांडो दलाचे जवान शिरले त्यांच्या एमपी-५ सबमशीनगनवर टॉर्च होत्या, धुरानं भरलेल्या खोलीत ओलीस कोण आणि बंदूकवाला कोण हे दिसायला तर हवं. याला कोण जास्तीचं म्हणेल?

पण प्रत्येकाचा जुगाड वेगळा, एकाचा क्लॅम्प दुसऱ्याच्या पट्टीवर बसेलच असं नाही. ते मिटवलं न्यू जर्सीतल्या पिकाटिनी आर्सेनल या लष्कराच्या शस्त्रकेंद्रानं, ३ फेब्रुवारी १९९५ च्या लष्करी मानकानं. बोट फिरवलं की करवतीसारखी लागते ती हीच पट्टी. खाच ५.२३ मिलिमीटर रुंद, एका खाचेच्या मध्यापासून पुढचीच्या मध्यापर्यंत १०.०१ मिलिमीटर, सगळीकडं तेच माप, त्यामुळं दिवसाची साइट काढून रात्रीची लावली आणि परत पहिली लावायची झाली तर ती त्याच खाचेत बसवता येते. त्याच सुमारास स्पेशल फोर्सेससाठी एम-४ चं, म्हणजे एआर-१५ च्याच घराण्यातल्या आखूड लष्करी रायफलचं, सॉपमॉड किट हा जोडायच्या वस्तूंचा संच आला, इंडियानातल्या क्रेनच्या नौदल केंद्राकडून. कामगिरी बघून त्यातनं हवं ते निवडायचं, बाकीचं तिथंच ठेवायचं, अशी ती कल्पना. माझ्या मते सगळा घोळ इथंच झाला, बाजारानं पट्टी उचलली पण निवडायची सवय उचलली नाही.

घोळाचं दुसरं कारण, कायदा. सप्टेंबर १९९४ मध्ये असॉल्ट वेपन्स बंदी आली, १० वर्षांसाठी. त्यात काही मॉडेलं नावानं बंद केली होतीच, शिवाय मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढता-घालता येणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे घोडा दाबला की एकच गोळी सुटणाऱ्या, रायफलला पिस्तूल ग्रिप, घडीचा किंवा सरकता दस्ता, संगीन लावायची जागा, नळीच्या तोंडाची ठिणगी दाबणारा फ्लॅश सप्रेसर, ग्रेनेड लाँचर यातलं दोन किंवा जास्त काही असलं की ती बंद. कंपन्यांनी संगिनीची जागा कापली, फ्लॅश सप्रेसर काढला, दस्ता पक्का केला आणि तीच रायफल विकली. म्हणजे बंदुकीचा धोका पार्टमध्ये असतो असं कायद्यानंच लोकांच्या डोक्यात घातलं, आणि १३ सप्टेंबर २००४ ला मुदत संपल्यावर लोक त्या पार्टवरच तुटून पडले. टीव्हीवर तेव्हा रोज इराक आणि अफगाणिस्तान, प्रत्येक सैनिकाच्या हातात पट्ट्यांवर सामान लावलेली एम-४, तशीच आपल्यालाही हवी.

आणि मिळायला अडचण काय, काहीच नाही. केंद्रीय कायद्यात बंदूक म्हणजे फक्त नंबर कोरलेला खालचा रिसीव्हर, म्हणजे घोडा बसतो तो सांगाडा, घेणाऱ्याची चौकशी त्याच्यापुरतीच, बाकी बॅरल, दस्ता, ग्रिप, साइट सगळं कुरिअरनं घरी येतं. पुढं २०१४ मध्ये मॅगपुल कंपनीनं एम-लॉक ही नवी जोडणी आणली, लांब पट्टीऐवजी नुसत्या चिरा, पाहिजे तिथंच काय ते लावा, पण वाचलेल्या वजनात लोकांनी अजून एक वस्तू चढवली. माझं स्पष्ट मत आहे, घर राखायला एक साइट, एक टॉर्च आणि गळ्यात अडकवायचा पट्टा पुष्कळ झाला, चांगल्या रेड डॉटच्या ४००-५०० डॉलरमध्ये अंदाजे हजारभर राउंड, म्हणजे सरावाच्या गोळ्या, येतात आणि हात त्यानं तयार होतो.

नुसत्या वजनाचं असतं तर इतकं लिहिलंही नसतं. १ ऑक्टोबर २०१७ ला लास वेगासमध्ये हॉटेलच्या ३२ व्या मजल्यावरनं कॉन्सर्टच्या गर्दीवर गोळीबार झाला, ६० माणसं गेली, आणि त्या बंदुकांवर होते बंप स्टॉक, धक्क्याच्या जोरावर मशीनगनसारखा मारा करू देणारा दस्ता, तोवर कायदेशीर ॲक्सेसरी म्हणून विकला जाणारा. मार्च २०१९ पासून त्याच्यावर बंदी आली, १४ जून २०२४ ला सुप्रीम कोर्टानं ६ विरुद्ध ३ मतांनी ती रद्द केली, कारण कायद्यातल्या मशीनगनच्या व्याख्येत तो बसत नाही. सायलेन्सर ही अशीच एक जोडायची वस्तू, त्याच्यावर १९३४ पासून २०० डॉलर कर होता, १ जानेवारी २०२६ पासून तो शून्य झालाय.