भुयारी कोडेखेळ

भुयारी कोडेखेळ : संगणकावर किंवा मोबाइलवर एकट्याने, पाळीपाळीने खेळायचा एक डावपेचाचा खेळप्रकार. चौकोनांच्या पटावर भुयार मांडलेले असते. सुरुवातीला ते बहुतेक सगळे अंधारात असते आणि नायक सरकेल तसतसे उघडत जाते. नकाशा दर डावाला नव्याने रचला जातो आणि नायक मेला की डाव मुळापासून मांडावा लागतो. ही दोन लक्षणे ‘रोगलाइक’ ह्या जुन्या घराण्याची. घाव घालण्याआधीच त्याचा निकाल मोजून सांगता येतो, फाशाची गरज पडत नाही. हे लक्षण मात्र कोड्याचे. दक्षिण आफ्रिकेतील क्यूसीएफ डिझाइन ह्या छोट्या चमूचा ‘डेस्कटॉप डंजन्स’ (२०१३) हा ह्या प्रकाराचा ठळक नमुना असून पुढील दाखले मुख्यतः त्यातलेच घेतले आहेत.

संज्ञा : ‘रोगलाइक’ हा शब्द देवनागरीत लिहिला की मराठी वाचकाला आधी दुखणे आठवते. दुखण्याशी त्याचा काही संबंध नाही. ‘रोग’ हे १९८० च्या सुमारास तयार झालेल्या एका खेळाचे नाव. इंग्रजीत त्याचा अर्थ भामटा, लुच्चा. त्याच्यासारखे ते रोगलाइक. ‘भामटावळणी’ असा प्रतिशब्द घडवता येईल, पण तो कुणाच्या तोंडी बसेल असे वाटत नाही.

‘डंजन’ हा दुसरा शब्द अधिक गुंतागुंतीचा आहे. तो जुन्या फ्रेंचमधील ‘दोंजाँ’वरून आला आणि त्याचे मूळ लॅटिन ‘डॉमिनस’, म्हणजे धनी किंवा स्वामी, ह्या शब्दाशी जोडतात. किल्ल्यातील सर्वांत भक्कम, धन्याचा मुख्य बुरूज म्हणजे दोंजाँ, आणि आजच्या फ्रेंचमध्येही त्याचा अर्थ तोच आहे. इंग्रजीत साधारणतः चौदाव्या शतकापासून त्याच शब्दाला बुरुजाखालची कोठडी असा अर्थ चिकटला आणि हळूहळू वरचा अर्थ गळून पडला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या सातारकराला हे सांगायचे तर बालेकिल्ल्याचे नाव घरंगळत तळघराला लागले, असे सांगावे. खेळांतील डंजनला तुरुंगाचा अर्थही राहिलेला नाही. दालने, बोळ, राक्षस आणि खजिना असलेली कुठलीही बंदिस्त जागा म्हणजे डंजन. हा अर्थ रूढ केला तो गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) ह्या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळाने.

मराठीत अंधारकोठडी, तळघर, तहखाना, भुयार असे चार शब्द हाताशी आहेत. पहिला कैद्याचा, दुसरा घराचा, तिसरा वाड्याचा किंवा गढीचा. चौथा वाटेचा, म्हणून नोंदीच्या शीर्षकासाठी तो घेतला. सांगलीकडे मात्र आणखी एक शब्द आहे आणि ह्या खेळाच्या अंतरंगाला तोच सर्वांत जवळचा आहे : पेव. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल पेवे खणलेली आहेत. तोंड माणूस उतरेल एवढेच, पोट मात्र ऐसपैस. हळद भरून झाली की तोंड मातीने बुजवायचे. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नाही. आतली हवा कोंदट व घातक असते, म्हणून तोंड उघडे ठेवून वाट पाहावी लागते. २००५ च्या महापुरात पाणी शिरून ह्या पेवांची मोठी हानी झाली. अंधारात भीती दडलेली असते हे भुयारालाही लागू आहे. पण अंधारात साठा असतो, आणि तो एकदा उपसला की संपतो, ही पेवाची गोष्ट आहे. डेस्कटॉप डंजन्समधील अंधार नेमका असाच चालतो.

उगम : रोग हा खेळ मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील विद्यार्थिदशेत सुरू केला. टॉय पुढे बर्कलीला गेला. पडद्यावर हव्या त्या जागी अक्षर उमटवण्याची सोय करणारी ‘कर्सेस’ ही आज्ञावली-संच रचणारा केन आर्नोल्ड तेथे त्याला येऊन मिळाला. चित्रे नव्हतीच. ई-मेलच्या पत्त्यात मधोमध असते ते चिन्ह म्हणजे नायक, रोमन लिपीतील सव्वीस मोठी अक्षरे म्हणजे सव्वीस जातींचे राक्षस. बर्कलीच्या युनिक्स ह्या संगणक-प्रणालीबरोबर (१९८३ ची आवृत्ती ४.२) हा खेळ वाटला गेल्यामुळे तो विद्यापीठाविद्यापीठांत पोचला. निर्मितीचे वर्ष बहुतेक ठिकाणी १९८० दिलेले आढळते. खेळ थोडाथोडा वाढत गेल्यामुळे एकच तारीख धरणे अवघड असून ‘१९८० च्या सुमारास’ एवढेच म्हणणे सुरक्षित.

पहिलेपणाचा मान रोगला द्यावा की नाही, ह्यावर दोन मते आहेत. डॉन वर्थ यांचा ‘बिनीथ ॲपल मॅनर’ हा ॲपल-२ संगणकावरील खेळ १९७८ चा. दरवेळी नवी रचना होणारे भुयार त्यातही होते. त्याही मागे जायचे तर इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ ह्या संगणकांच्या जाळ्यावर १९७५ च्या सुमारास विद्यार्थ्यांनी भुयारात हिंडण्याचे खेळ रचले होते. त्यांतील ‘पेडिट ५’ हा अभ्यासाच्या धड्याला शोभेल अशा नावाखाली दडवलेला होता आणि व्यवस्थापकांच्या नजरेला पडला की पुसला जाई. पण त्याचा नकाशा ठरलेला होता. केंटकीतील खऱ्याखुऱ्या गुहेवर बेतलेला विल क्राउदर यांचा ‘ॲडव्हेंचर’ (१९७५-७६) टॉय आणि विचमन यांच्या आवडीचा होता. त्याची कोडी एकदा सुटली की पुन्हा खेळण्यात राम उरत नाही, ही त्यांची मुख्य अडचण. नवा नकाशा यंत्रानेच रचावा ही कल्पना त्यातून निघाली. कालक्रमाने वर्थ यांचा खेळ आधीचा, ह्यात वाद नाही. पण नंतरच्या ‘मोरिया’ (१९८३), ‘हॅक’ (१९८२ ते १९८४ च्या दरम्यान) आणि ‘नेटहॅक’ (१९८७) यांची वंशावळ रोगपाशी पोचते, वर्थ यांच्या खेळापाशी नाही. घराण्याचे नाव त्यामुळेच रोगवरून पडले आणि ते बदलण्याचे कारण दिसत नाही.

व्याख्येचा वाद : रोगलाइक कशाला म्हणावे हे ठरवण्याचा एक प्रयत्न २००८ साली बर्लिनमधील विकासकांच्या परिषदेत झाला. तो ‘बर्लिन अर्थनिर्णय’ म्हणून ओळखला जातो. त्यात यादृच्छिक रचना, कायमचे मरण, पाळीपाळीची चाल, चौकटींचा पट, साधनसामग्रीची काटकसर, शोध इत्यादी नऊ लक्षणे मुख्य आणि सहा गौण मानली आहेत. गंमत अशी, की खुद्द भुयार हे गौण लक्षणांत टाकले आहे. ह्या कसोटीला न उतरणाऱ्या पण मरण आणि रचना एवढेच उसने घेतलेल्या खेळांना पुढे ‘रोगलाइट’ म्हणू लागले. बर्लिनची यादी आता जुनाट झाली असे म्हणणारेही पुष्कळ आहेत.

भुयारी कोडेखेळ ह्या यादीच्या बऱ्याच अटी पाळतात, म्हणून एक पक्ष त्यांना रोगलाइकची धाकटी शाखा मानतो. दुसऱ्या पक्षाच्या मते हे मुळात कोडे आहे, फक्त रोगचे कपडे घातलेले. रोगमध्ये अंधार म्हणजे धोका. तिथे न पाहिलेल्या जागेला स्वतःची किंमत नसते. कोडेखेळात न पाहिलेली जागा हे भांडवल असते. हा फरक वरवरचा नाही, त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

रीत : डेस्कटॉप डंजन्सचा पट २० × २० चौकोनांचा. राक्षस सामान्यतः जागचे हलत नाहीत. नायकाचे पाऊल पडले की लगतचे चौकोन उजळतात आणि उजळलेल्या दर चौकोनामागे नायकाचे त्याच्या पातळीइतके प्राण व एक मंत्रबळ भरून येते. (मराठी खेळाडू बोलताना एचपी, माना, लेव्हल असेच म्हणतात.) विश्रांतीचा दुसरा मार्ग जवळजवळ नाहीच. जखमी राक्षसही त्याच वेळी त्याच्या पातळीप्रमाणे सावरतो. उघडलेल्या जागेत कितीही येरझाऱ्या घातल्या तरी दोघांचेही काही बदलत नाही.

एक डाव जवळून पाहू. नायक पहिल्या पातळीचा : प्राण १०, मार ५, मंत्रबळ १०. समोर दुसऱ्या पातळीचा राक्षस, समजा प्राण १५ आणि मार ७. वरच्या पातळीचा आधी मारतो. एका फेरीत नायक ३ वर, राक्षस १० वर. आणखी एक फेरी म्हणजे मरण, आणि राक्षसावर बोट ठेवले की खेळ तसे आधीच सांगतो. नवखा खेळाडू इथे मागे फिरून अंधार उघडतो. ७ चौकोनांत नायक पुन्हा १० वर येतो खरा, पण राक्षस दर चौकोनाला २ ने सावरून तिसऱ्यातच पूर्ववत होतो. सात चौकोन गेले, हाती शून्य. मुरलेला खेळाडू एकही नवा चौकोन उघडत नाही. पुढची पातळी गाठायला थोडाच अनुभव (राक्षस मारून मिळणारे गुण) कमी असेल, तर आधीच पाहून ठेवलेला, समजा ४ प्राणांचा, किरकोळ राक्षस तो अग्निमंत्राने दुरून टिपतो. मंत्र ६ मंत्रबळ खातो, पहिल्या पातळीवर ४ प्राण घेतो आणि उलट मार बसत नाही. पातळी वाढते, आणि पातळी वाढली की प्राण-मंत्रबळ आपोआप काठोकाठ भरते. आता नायकाचे प्राण २० आणि मार १०. जखमी राक्षस अजून १० वरच ताटकळत उभा. एक घाव पुरतो.

असे राखून ठेवलेले किरकोळ राक्षस इंग्रजी खेळाडूंच्या बोलीत ‘पॉपकॉर्न’. सांगलीत त्यांना भडंग म्हणायला हरकत नसावी. शेवटच्या दहाव्या पातळीच्या मुख्य राक्षसाशी लढताना दोन-तीन भडंग शिल्लक आहेत की आधीच फस्त केले, ह्यावर डाव उलटतो.

मंत्रांची नावे मुद्दाम वेड्यावाकड्या वर्णांत लिहिलेल्या इंग्रजी वाक्यांची आहेत : ‘लेमिसी’ म्हणजे ‘पाहू दे’, ‘अफीलसिक’ म्हणजे ‘मळमळतंय’. पहिला अंधारातले चौकोन उघडतो, दुसरा राक्षसाला विष चढवून त्याचे सावरणे थांबवतो. नको असलेला मंत्र मोडीत काढून त्याबदली नायकाच्या जातीप्रमाणे (मानव, एल्फ, बुटका इ.) काही लाभ घेता येतो. देवतांची उपासना, दुकाने, राज्याची उभारणी हे आणखी थर खेळात आहेत.

बुद्धिबळाशी नाते : बुद्धिबळ रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीत, जिथून भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे यांच्यासारख्या खेळाडू घडल्या, हा खेळ समजावताना बुद्धिबळाचा आधार घेणे सोपे जाते. राखीव भडंग म्हणजे अंतिम पर्वातील जपून ठेवलेली प्याद्याची चाल : आज खेळली तर वाया, योग्य क्षणी खेळली तर प्रतिस्पर्धी कोंडीत. साम्य इथे थांबते. बुद्धिबळात पट दोघांनाही पूर्ण दिसतो. इथे हिशेब चोख असला तरी तो उजेडातल्या चौकोनांपुरता; अंधारात काय आहे हे नशिबावर. ह्या खेळाची गणना निव्वळ कोड्यांत न करणारे ह्याच मुद्द्यावर बोट ठेवतात.

अन्य खेळ व आवृत्त्या : ‘हॉप्लाइट’ आणि मायकेल ब्रफ यांचा ‘८६८-हॅक’ (दोन्ही २०१३) लहान पटावरचे, त्यांत राक्षस हलतात. ‘इन्टू द ब्रीच’ (२०१८) मध्ये भुयार नाही, पण शत्रूचा पुढचा घाव आधीच दाखवण्याची रीत आहे. डेस्कटॉप डंजन्सचे प्राथमिक रूप २०१० मध्ये फुकट उपलब्ध होते आणि त्याला २०११ च्या स्वतंत्र खेळांच्या महोत्सवात उत्कृष्ट रचनेचा पुरस्कार मिळाला. पूर्ण खेळ नोव्हेंबर २०१३ मध्ये, मोबाइलवर २०१५ मध्ये आला. २०२३ च्या ‘रिवाइंड’ ह्या त्रिमित आवृत्तीत केलेली चाल मागे घेण्याची सोय आहे. ह्याउलट बुद्धिबळाच्या स्पर्धेत हात लावलेला मोहरा चालवावाच लागतो.