ओल ओळखणारे हात

पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घाला, मनगटाशी रबर लावा आणि रांजणातल्या गार पाण्यात हात बुडवा. पाण्याचा एक थेंब कातडीला लागलेला नसतो, तरी हात ओला झाल्यासारखंच वाटतं. पिशवी उतरवली की बोटं कोरडी ठणठणीत. मॅडिसन बेंटली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९०० साली जवळपास हेच करून पाहिलं होतं, बोटावर पातळ रबरी आवरण चढवून. त्यातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली आणि नंतरच्या संशोधनानं ती पक्की केली. माणसाच्या त्वचेत गारव्याचे ग्राही, म्हणजे ती जाणीव टिपणारे मज्जातंतूंचे टोक, आहेत, दाबाचे आहेत, कंपनाचे आहेत, वेदनेचे आहेत. ओलीचा ग्राही मात्र आजवर सापडलेला नाही. झुरळाच्या आणि मधमाशीच्या मिशांवर तो असतो, आपल्याकडे नाही.

मग ओल कळते कशी? मेंदू हिशेब करतो. कातडीची उष्णता किती झपाट्यानं जातेय, बोट सरकतंय की चिकटतंय, दाब कसा पसरलाय, एवढ्यावरून तो अंदाज बांधतो की हे ओलं असणार. कधी कधी तो चुकतोही. कडाक्याच्या थंडीत दोरीवरचे कपडे वाळलेत की अजून दमट आहेत हे हात लावूनही नक्की सांगता येत नाही, कारण कोरडं कापडही गार लागतं.

ही गोष्ट वाचल्यापासून हस्तकलांकडे बघण्याची माझी नजर बदलली. आपल्या विदर्भातल्या खेड्यापाड्यांत हाताने करायच्या कामांची काही कमी नाही: कुंभाराचं मातीकाम, बुरडांचं बांबूकाम, अंबाडीचे दोर वळणं, टकळीवरचं सूत, गोधडी. यांतली गोधडी सोडली तर बाकी सगळ्यांत हाताला मुख्य काय शिकावं लागतं, तर जिन्नसातली ओल ओळखायला. आणि ती ओळख जन्मजात नसल्यामुळे सरावानेच येते.

मातीपासून सुरू करतो, कारण ती सगळ्यांच्या हाताशी आहे. पोळ्याला पोरं मातीचे बैल करतात. दोन दिवसांनी बघावं तर पाय नेमका पोटाशी जिथे जोडला तिथेच तडकलेला. चिकणमातीचे कण म्हणजे अतिशय सपाट, चपटे पापुद्रे, बहुतेक एका मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान. त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असतो, म्हणून ते एकमेकांवरून घसरतात आणि माती हवी तशी वळते. पाणी उडालं की पापुद्रे जवळ येतात, वस्तू आक्रसते. साधारण पाच ते दहा टक्के. बैलाचा पाय बारीक, तो आधी वाळतो आणि आधी आक्रसतो; पोट जाड, ते अजून ओलंच असतं. जोडावर ओढाताण होते आणि भेग पडते. उपाय साधा आहे. दोन्ही भाग सारख्याच ओलीचे असताना जोडायचे, जोडाला पातळ चिखल लावायचा आणि अख्खा बैल ओल्या पोत्याखाली सावलीत ठेवायचा, म्हणजे सगळीकडून एकाच चालीनं वाळतो.

आपली काळी माती तर याबाबतीत फारच हट्टी. तिच्यात स्मेक्टाइट गटातली खनिजं भरपूर असतात आणि ती पाणी नुसतं कणांच्या मध्ये नाही, तर स्वतःच्या थरांच्या आतही घेतात. म्हणून पावसात शेत फुगतं आणि उन्हाळ्यात बांधाबांधानं पाय अडकेल अशा भेगा पडतात. निव्वळ काळ्या मातीचं मडकं टिकत नाही ते याच कारणानं. कुंभार तळ्याचा, बोडीचा गाळ निवडतात, त्यात बारीक रेती, राख किंवा लीद मिसळतात. रेती आक्रसत नाही. लीद भाजताना जळून जाते आणि मागे बारीक छिद्रं ठेवते.

मडकं भट्टीत घालण्याजोगं वाळलं की नाही हे बघण्याची एक सोपी रीत आहे: ते गालाला लावायचं. गार लागलं तर आत अजून पाणी आहे, कारण ते उडताना उष्णता ओढून घेतंय. हवेइतकंच लागलं तर वाळलं. माठातलं पाणी गार होतं तेही याच नियमानं. पाण्याची वाफ होताना दर ग्रॅममागे पाचशे ऐंशीच्या आसपास कॅलरी उष्णता खर्ची पडते. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की सापेक्ष आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते, म्हणून माठ गारेगार. ऑगस्टमध्ये ती ऐंशीच्या घरात जाते आणि तोच माठ नुसता शोभेला उरतो. गालाची परीक्षाही तेव्हा फसवी ठरते, हे लक्षात ठेवलेलं बरं. ओलसर मडकं घाईनं भाजायला गेलात तर आतल्या पाण्याची वाफ होते, ती सोळाशे पटीहून जास्त जागा मागते आणि मडकं फुटतं. साधारण साडेचारशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान मातीच्या रेणूंत बांधलेलं पाणीही निघून जातं. त्यानंतर त्या मडक्याचा पुन्हा चिखल होत नाही. आगीच्या त्या टप्प्याचं मला कायम अप्रूप वाटत आलं आहे.

बांबूत पाण्याचं काम वेगळं आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मानवेल आणि काटस हे दोन बांबू मुख्य. बांबूची गंमत अशी की वास्ते, म्हणजे बांबूचा नवा कोंब, जमिनीतून वर येतं ते आपली जाडी ठरवूनच येतं. एका हंगामात पूर्ण उंची गाठतं आणि नंतर झाडाच्या खोडासारखं दरवर्षी जाड होत नाही. नंतरची वर्षं नुसती पक्कं होण्याची. म्हणून टोपलं-सूप विणायला एक-दोन वर्षांचा हिरवा बांबू बरा आणि खांबाला तीन वर्षांहून जुना.

बांबू उभा चिरून एक कामडी हातात घेऊन नीट बघा. हिरव्या पाठीकडे गडद ठिपके दाटीनं दिसतील, आतल्या बाजूला विरळ. ते ठिपके म्हणजे धाग्यांचे जुडगे. सगळी ताकद पाठीला, म्हणून वाकवताना पाठ कुठल्या बाजूला ठेवायची याला महत्त्व आहे. पाठीत सिलिका असते, तिची कड ब्लेडसारखी कापते; नवख्यानं बोटांना चिंधी गुंडाळावी. बांबूचे धागे ज्या लिग्निन नावाच्या पदार्थानं एकमेकांना धरून असतात, तो ओलीनं आणि उष्णतेनं मऊ पडतो. बुरड विणायच्या आधी कामड्या भिजवतात, तेव्हा पाणी या बंधांमध्ये शिरून धाग्यांना थोडं सरकू देतं. वाळलेली कामडी वळवली की कट्कन मोडते, तीच भिजलेली सुपाच्या काठाला मुकाट्यानं वळते. किती भिजली हे मोजायला यंत्र नाही. अंगठ्याखाली ती किती परत उसळी मारते, त्यावरून ठरवायचं.

बांबू पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचं भक्ष्य म्हणजे आतला स्टार्च. पावसाळ्यात नवे कोंब वाढवण्यात तो बराच खर्ची पडतो, म्हणून दिवाळीनंतर थंडीत तोडलेल्या बांबूला कीड कमी लागते. आणखी खात्री हवी तर बांबू पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे उरलेली साखर पाण्यात जाते आणि स्टार्चही कमी होतो. घरी पडताळता येतं. ताज्या कापावर जखमेला लावायच्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. स्टार्च असेल तर थेंब निळा-काळा होतो. एकाच बांबूचे न भिजवलेला आणि महिनाभर भिजवलेला असे दोन तुकडे शेजारी ठेवून हा थेंब टाकून बघण्यात जो आनंद आहे, तो मी शाळेतल्या प्रत्येक मुलाला मिळावा असं मनापासून म्हणेन.

अंबाडीचं थोडक्यात सांगतो. भाजी खाऊन उरलेली अंबाडी वाढू द्यायची, फुलावर आली की कापून पेंढ्या पाण्यात बुडवायच्या. पाण्यातले जिवाणू सालीतलं पेक्टिन, म्हणजे धागे चिकटवून ठेवणारा पदार्थ, खातात आणि वाख सुटतो. वास भयंकर येतो, त्याला इलाज नाही. अंगठ्यानं साल सहज सरकू लागली की लगेच काढायचं. जास्त दिवस राहिली तर जिवाणू धाग्यालाच लागतात आणि दोर कच्चा होतो. दोर वळताना एकेका पदराला एकीकडे पीळ देऊन मग पदर उलट दिशेनं एकत्र वळायचे. प्रत्येक पदर उलगडायला बघतो आणि त्याच ओढीनं बाकीच्यांना घट्ट करतो.

कापसाचं नातं तर पाण्याशी आणखी खोल आहे. बोंडात असताना कापसाचा तंतू ही द्रवानं भरलेली, गोल, पोकळ नळी असते. बोंड फुटतं, तंतू वाळतो, नळी चपटी होते आणि फितीसारखी पिळून जाते. हे नैसर्गिक पीळ एकमेकांत अडकतात म्हणून जेमतेम इंच-सव्वा इंच लांबीच्या तंतूंपासून अखंड सूत निघतं. शिवाय कापूस ओला झाला की कोरड्यापेक्षा मजबूत होतो, जे फार थोड्या तंतूंच्या बाबतीत खरं आहे. सूतगिरण्यांत हवेतली आर्द्रता मुद्दाम राखतात ती यासाठीही. वर्ध्याला १९३७ साली झालेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याची गांधीजींची पद्धत, उभी राहिली, तेव्हा टकळी शाळेत आली. एका टकळीत घर्षण, पीळ, गती आणि हवामान असे चार धडे आहेत. ते तेव्हाच्या शिक्षकांनी ओळखलं याबद्दल मला फार आदर वाटतो. १९३८ साली सुरू झालेलं मगन संग्रहालय वर्ध्यात आजही आहे, तिथे चरख्यांचे नाना प्रकार बघायला मिळतात.

आता जो महिनाभर माती करतो, मग बांबू धरतो, मग टकळी काढतो, त्याला लोक म्हणतात: एक ना धड, भाराभर चिंध्या. पोटापाण्याच्या कारागिराला हे लागू असेल. छंद म्हणून करणाऱ्याला लागू नाही, असं माझं ठाम मत आहे आणि त्याला काही आधारही आहे. १९७९ साली शी आणि मॉर्गन या संशोधकांनी लोकांना हाताच्या हालचालींचे तीन क्रम शिकवले. काहींनी एक क्रम पक्का करून मगच दुसरा घेतला, काहींनी तिन्ही उलटसुलट केले. सरावाच्या वेळी पहिले सरस होते. दहा दिवसांनी पुन्हा तपासलं तेव्हा उलटसुलट करणाऱ्यांच्या हातात ते जास्त टिकलेलं होतं. प्रयोग हस्तकलेवरचा नव्हता हे खरं, पण मेंदूला दर वेळी नव्यानं जुळवून घ्यावं लागलं की शिकलेलं खोल रुजतं, एवढं त्यातून दिसतं.

टेक्सासमध्ये डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी साठ ते नव्वद वर्षांच्या लोकांना तीन महिने, आठवड्याला पंधरा तासांहून जास्त, गोधडीसारखं शिवणकाम किंवा डिजिटल फोटोग्राफी शिकायला लावलं. २०१४ साली निष्कर्ष आले: नवी कला शिकणाऱ्यांची घटना लक्षात ठेवण्याची शक्ती सुधारली, नुसत्या गप्पा-सहलींत रमलेल्यांची तेवढी नाही. २०१६ साली फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ जणांनी पाऊण तास माती, रंग, कागद घेऊन काहीबाही केलं, तर सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, उतरलं. आधीचा अनुभव असण्या-नसण्यानं फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे, त्यावर मोठे इमले बांधू नयेत; पण नवख्यांनी लाजू नये एवढं बळ तो नक्की देतो.

ज्यांना यंदा सुरुवात करायची आहे त्यांनी हंगाम बघावा. अंबाडी फुलावर येते तेव्हा तळी भरलेली असतात, तेव्हाच ती पाण्यात घालावी. दिवाळीनंतर बांबू धरावा. मेळघाटात लवाद्याला आणि चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूकामाचं शिक्षण देणारी केंद्रं आहेत, आणि आपल्या गावात बुरड असतील तर त्यांच्यासारखा गुरू नाही, फक्त त्यांच्या वेळेचा मोबदला द्यावा. मातीकाम थंडी संपता संपता करावं, हवा फार कोरडी व्हायच्या आत. भद्रावतीला जाऊन तिथलं कुंभारकाम आधी बघून यावं. मे महिन्यात मातीला हात लावायचाच असेल तर पहाटे, आणि ओली पोती जवळ ठेवून. टकळी मात्र पावसाची झड लागल्यावर काढावी, तेव्हा हवेत ओल भरपूर असते आणि नवख्याचंही सूत कमी तुटतं.